वहीतल्या दोन रेघा

मी सहा वर्षं कॉम्प्युटरच्या कंपनीत होते असं सांगितलं की समोरचं माणूस आधी माझ्या साडीकडे बघतं, मग हातांकडे, आणि मग विचारतं, "म्हणजे झाडलोटीला का?" सुरुवात झाडलोटीनंच झाली होती, त्यामुळे मी "हो" म्हणून मोकळी होते. पुढचं सांगायचं तर फार बोलावं लागतं आणि बोलणं मला कधी जमलं नाही. लिहिणं त्या मानानं बरं. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. हे लिहितेय तेही कुणी वाचावं म्हणून नाही. त्या कामातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती कुठेतरी उतरवून ठेवावी म्हणून लिहितेय.

माझं माहेर वसईतल्या होळी गावचं. आमची मोगऱ्याची आणि कागड्याची वाडी होती. कळ्या उजाडायच्या आत खुडाव्या लागतात. उन्हं चढली की त्या उमलतात आणि उमललेल्या फुलाला बाजार नसतो. आमची शाळा सकाळची. चौथीपर्यंत कळ्या आणि शाळा दोन्ही ओढलं, मग शाळा सुटली. पण वाचायची सवय राहिली. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय फेकत नसे. लग्न होऊन नायगावला खाडीच्या बाजूला आले. नवरा टेम्पो चालवायचा. त्याचा पाय अधू झाला तेव्हा मी काम शोधायला बाहेर पडले आणि वसई रोडला, एका औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या तिथे लागले. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट.

त्या दोन खोल्यांत तीन कॉम्प्युटर, एक कर्रकर्र करणारा प्रिंटर आणि दोन माणसं. सामंतसर मुंबईतली नोकरी सोडून हा धंदा टाकून बसलेले. आल्विन प्रोग्राम लिहायचा. तो होळीचाच, माझ्या माहेराच्या मागच्या आळीतला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी त्याला "सर" म्हटलं तर हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्या वाडीतली जांभळं चोरून मी मोठा झालो. सर नको."

रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना हे लोक रिपोर्ट छापायचा प्रोग्राम विकत. त्याची खासियत अशी की पेशंटचं नाव मराठीत छापलं जायचं. त्या काळी याचं अप्रूप होतं. सामंतसर सांगत, आपलं नाव आपल्याला वाचता येईल असा कागद माणूस जपून ठेवतो. पण त्यासाठी कुणीतरी दिवसभर मराठी नावं टाइप करून प्रोग्राम तपासायला हवा. एकदा झाडताना मी पडद्यावरचं नाव वाचत उभी राहिले. आल्विननं पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. महिनाभरात मराठीचा कीबोर्ड माझ्या बोटांत बसला. कळ्या खुडणाऱ्या बोटांना तो काही अवघड नव्हता.

माझं काम चुका शोधण्याचं. नाव टाइप करायचं, आकडे भरायचे, छापायचं, आणि जे टाइप केलं तेच कागदावर आलं का ते बघायचं. वेगळं काही दिसलं की वहीत लिहायचं. ती दोनशे पानी वही सामंतसरांनी मला दिली होती.

आता हे नावांचं प्रकरण काय असतं ते सांगायला हवं. कॉम्प्युटरला नाव म्हणजे नाव नसतं, अक्षरांची ओळ असते. तिला ते स्ट्रिंग म्हणत. आल्विन आमच्या बाजूचा असल्यामुळे त्यानं मला ते फुलांच्या माळेवरून समजावलं. म्हणाला, "ताई, माळा दोन प्रकारच्या. जुन्या माळेत एकेक फूल ओवायचं आणि शेवटी गाठ मारायची. माळ किती लांब आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं, गाठ लागेपर्यंत मोजत जायचं. नव्या माळेत एका फुलाला दोन फुलांची जागा, आणि टोकाला चिठ्ठी, की यात एवढी फुलं आहेत. आपला जुना प्रोग्राम जुन्या माळा करतो. नवा छापायचा भाग नव्याच माळा मागतो. मग मध्ये बसून या माळेची ती माळ करायची, हेच माझं दिवसभराचं काम."

"जुनी सोडवून पुन्हा ओवायची?" मी विचारलं.

"नाही. जुनीला हात लावायचा नाही. तिच्याकडे बघत बघत दुसरी करायची."

तो हे सगळं सी प्लस प्लस नावाच्या भाषेत लिहायचा. ती भाषा फार वेगानं काम करते पण कुणाची काळजी घेत नाही, असं तो म्हणे. माळ ठेवली कुठे, टाकली कधी, ते ज्यानं केली त्यानंच लक्षात ठेवायचं.

या माळा बदलण्यात जी गंमत व्हायची! गाठ मारायची राहिली तर कॉम्प्युटर थांबायचाच नाही, शेजारी जे पडलं असेल तेही ओढून आणायचा. एका बाईंच्या नावापुढे आधीच्या पेशंटचं गाव चिकटून आलं होतं. एकदा सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली गेली. विरारच्या एका लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला, मी उचलला. "अहो बाई, ह्या पेशंटला स्वतःचं नाव माहीत नाही की तुम्हाला? नुसतं विचारतोय, विचारतोय!" मी फोन आल्विनला दिला. तो हसत हसत पाणी प्यायला गेला. नव्या माळेची जुनी करताना फूल ओळखीचं नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ओवलं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. असं काही सापडलं की मला फार बरं वाटायचं. चौथी शिकलेली मी, आणि माझ्या वहीवरून शिकलेला माणूस दिवसभर कामाला लागायचा.

यातूनच पुढचं घडलं. मी एकदा वहीत लिहिलं की एका नावाच्या जागी भलतंच नाव आलं. आल्विननं दोन दिवस प्रोग्राम उलटापालटा केला. शेवटी असं निघालं की माझीच बोटं घसरली होती, यादीतली एक ओळ सोडून मी खालचं नाव टाइप केलं होतं. कुणी रागावलं नाही. आल्विन म्हणाला, "ताई, दोन दिवसांत माझे चार केस पिकले." सामंतसर हसले आणि म्हणाले, "सुमनताई, आपण एक नियम करू. काही वेगळं दिसलं की वहीत एक रेघ ओढा. परत तेच दिसलं की दुसरी. तिसरी रेघ पडली की मगच वही आल्विनच्या टेबलावर ठेवा. तीनदा दिसल्याशिवाय बोलायचं नाही."

नियम वाजवी होता. मला तर तो फार आवडला. बोलायचं नाही असा नियम माझ्यासारखीला मिळाला तर आणखी काय हवं? त्या दिवसापासून मी जास्तच गप्प झाले आणि ते शिस्तीत बसत होतं.

वसई रोडलाच एक मोठी लॅब होती. तिथे दिवसाला शंभर-सव्वाशे पेशंट यायचे. त्यांना नवा प्रोग्राम हवा होता. द्यायचा दिवस ठरला, आणि नेमकं त्याच दिवशी आल्विनच्या बहिणीचं लग्न. सगळं तयार करून तो आदल्या दिवशी गेला. सामंतसर सकाळी म्हणाले, "ताई, दुपारी बारापर्यंत शंभर रिपोर्ट काढून बघा, मी मग घेऊन जातो."

एरवी मी एक रिपोर्ट छापायला सोडला की कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची. कागद हातात घ्यायचा, वाचायचा, मगच पुढचं नाव. मशीन काम करत असताना मध्ये बोटं चालवणं मला उद्धटपणाचं वाटायचं, हे सांगायला आज हसू येतं. त्या दिवशी घाई होती. प्रिंटर कर्रकर्र करत होता तेव्हाच मी पुढचं नाव टाइप करायला घेतलं. यादीत शांताराम होता आणि त्याच्याखाली यमुना. दोन कागद बाहेर आले आणि दोन्हींवर यमुना. एकावर शांतारामचे आकडे, पण नाव यमुनेचं. शांतारामचा कागदच नाही.

मला वाटलं, झालं, पुन्हा ओळ सोडली. यमुना दोनदा टाइप केली असणार. वहीत एक रेघ ओढली. वीस-पंचवीस कागदांनी पुन्हा तसंच. दुसरी रेघ ओढली. मग मी हात मांडीवर ठेवले आणि ती दोन नावं सावकाश, जपून पुन्हा टाइप केली. पहिला कागद येऊ दिला, मग दुसरं नाव. दोन्ही बरोबर आले. आणखी तीनदा तसंच जपून केलं. बरोबर. म्हणजे घाईत माझंच चुकतंय, हे माझ्यापुरतं ठरलं.

सामंतसर पिशवी खांद्याला लावून दारात उभे. "झालं, ताई? काही निघालं?"

दोन रेघा होत्या. तीन नव्हत्या.

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली की झालं म्हणून हलवली, ते मलाही सांगता येत नाही. त्यांनी हवा तो अर्थ घेतला आणि गेले.

त्या लॅबमध्ये कुंदा नावाची मुलगी होती. जवळच्या उमेळे गावची. बारावी करून कसलासा कोर्स केलेली, कामाला चलाख. रक्त काढायची, तपासायची, आकडे रजिस्टरमध्ये लिहायची आणि मग कॉम्प्युटरवर टाकून रिपोर्ट छापायची. तो प्रोग्राम रिपोर्ट छापून विसरून जाणारा होता. साठवून काही ठेवायचा नाही. मी एक-दोनदा प्रोग्राम शिकवायला तिच्याकडे गेले होते. शिकवायचं म्हणजे मी करून दाखवायचं आणि तिनं बघायचं. ती म्हणाली होती, "ताई, तुम्ही कमी बोलता ते बरं हाय. आमचे डॉक्टर बोलून बोलूनच अर्धा पेशंट बरा करतात."

साधारण तीन महिन्यांनी तिथे गोंधळ झाला. खाडीकडचे एक म्हातारे शेतकरी तपासणीला आले होते. त्यांच्या हातात जो कागद पडला त्यावर साखर खूप वाढलेली. गावच्या डॉक्टरनं कागद बघून गोळ्या चालू केल्या. चौथ्या दिवशी दुपारी म्हातारे भाजीच्या वाफ्यात कोसळले. साखर नव्हतीच त्यांना, गोळ्यांनी होती ती उतरली. नशीब म्हणून वाचले. मुलगा लॅबमध्ये येऊन टेबलावर हात आपटायला लागला. शोधाशोध केली तर ट्रेच्या तळाशी म्हाताऱ्यांच्याच नावाचा दुसरा कागद सापडला, साखर बरोबर असलेला. रजिस्टरमध्येही बरोबरच होती. वाढलेली साखर होती ती रजिस्टरमध्ये त्यांच्या आधीच्या पेशंटची.

डॉक्टरांनी कुंदाला धरलं. नाव चुकीचं तूच टाइप केलंस. तिनं नाकारलं. मग त्यांनी सामंतसरांना बोलावलं, आणि सामंतसरांनी मला सोबत घेतलं. "ताई, त्यांच्यासमोर पन्नास रिपोर्ट काढून दाखवा. काय ते स्पष्ट होऊ दे."

आत डॉक्टर खुर्चीत, सामंतसर त्यांच्या बाजूला, म्हाताऱ्यांचा मुलगा दाराला टेकून. कुंदा कॉम्प्युटरशेजारी उभी. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. एवढी माणसं बघत असली की माझ्या तळव्यांना घाम सुटतो. मी टाइप करायला लागले. एक नाव, मग छापायचं, मग हात मांडीवर. कागद बाहेर आला की घ्यायचा, वाचायचा, डॉक्टरांसमोर ठेवायचा. मग पुढचं. तासभर चाललं ते. पन्नासच्या पन्नास बरोबर.

"बघितलंस?" डॉक्टर कुंदाला म्हणाले. "मशीन चुकत नाही. माणूस चुकतं."

"मी नाव बघून टाकलं होतं, सर. दोन कागद निघाले त्यांच्या नावाचे, नि आधीच्या मानसाचा एकपन नाय. मी त्या आधीच्या मानसाला परत टाइप करून कागद दिला. असं मी कशाला करीन?"

दोन कागद एकाच नावाचे आणि आधीच्याचा एकही नाही. शांताराम आणि यमुना माझ्या डोळ्यांपुढे आले.

कुंदा माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही रोज हेच करता. खरं सांगा, असं कधीच नाय झालं का?"

मी सामंतसरांकडे बघितलं. ते माझ्याआधीच बोलले. "कधीच नाही. ताई सगळं वहीत लिहितात. आल्विनच्या टेबलावर अशी वही कधी आलेली नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं ते खरंच होतं.

वही माझ्या पिशवीत होती. मांडीवरच होती पिशवी. मी तिच्यावर हात ठेवून बसले. मनात म्हटलं, माझ्या वेळी माझीच बोटं घसरली होती, मग हिच्या वेळी हिची घसरली असतील. आपण चौथी शिकलेली. आपण उठून डॉक्टरांना सांगणार की तुमचं मशीन चुकतं? आणि आता समोर पन्नास कागद बरोबर आलेत. कुंदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. तिला तेवढं उत्तर पुरलं.

तिला काढलं. त्याच संध्याकाळी.

मग सात-आठ महिन्यांनी पालघरच्या एका लॅबमधून तशीच तक्रार आली. तिथला माणूस हुशार. त्यानं सांगितलं की आधीचा रिपोर्ट छापून होत असताना पुढचं नाव टाकलं तरच असं होतं, तेही प्रत्येक वेळी नाही. आल्विननं फोन ठेवला आणि मला विचारलं, "ताई, असं कधी बघितलं होतं?"

मी वही काढून ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. शांताराम, यमुना, दोन रेघा. नंतर दोन तास कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून होता. उठला तेव्हा चेहरा उतरलेला.

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "जुन्या माळेची नवी माळ करून मी खुंटीला लावली. छापणाऱ्याला माळ द्यायची ती दिलीच नाही. नुसतं बोट दाखवलं, की त्या खुंटीवर आहे, घे. आणि माझं काम झालं म्हणून ती माळ उतरवून टोपलीत टाकली. खुंटी रिकामी. छापणारा लगेच गेला तर चालून जातं, माळेची सावली तिथे असते म्हणा. पण त्याला उशीर झाला आणि तेवढ्यात तुम्ही पुढचं नाव टाकलं, तर त्याच खुंटीवर दुसऱ्याची माळ लागते. तो बिचारा मी दाखवलेल्या खुंटीवरची माळ उचलतो. त्याला काय माहीत ती कुणाची!"

"मी कागदाची वाट बघत बसायची, म्हणून..."

"म्हणून तुम्हाला सगळं बरोबर यायचं. पन्नासही बरोबर यायचे, पाचशेही आले असते. जिथं रांग लागते तिथं कोण हात मांडीवर ठेवून बसणार?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "पण ताई, दोनदा दिसलं होतं. मला सांगायचं होतं ना."

"तीनदा नव्हतं दिसलं."

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. बोट दाखवायचं नाही, छापणाऱ्याला त्याची स्वतःची माळ करून द्यायची, तो वापरून टाकेल तेव्हा टाकेल. एवढंच. सगळ्या लॅबना नवी प्रत गुपचूप गेली. मी धीर करून सामंतसरांना म्हटलं, त्या कुंदाचं काय? आयुष्यात त्यांच्यासमोर आपणहून काढलेलं माझं ते पहिलं वाक्य. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ताई, आता डॉक्टरांना सांगून काय होणार? तिच्या जागी दुसरी मुलगी लागलीय. आणि आपलं दुकान बंद होईल, तुमचं-माझं सगळ्यांचं." वाईट माणूस नव्हता. माझ्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन त्यांनीच ओळख काढून करून दिलं होतं. मी परत जाऊन खुर्चीत बसले. पुढे दोन-अडीच वर्षांत दुकान तसंही बंद झालं. लॅबवाले मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम घेऊ लागले. आल्विन परदेशी गेला. जाताना म्हणाला, "ताई, वही जपून ठेवा." का म्हणाला ते मी विचारलं नाही, पण ठेवली.

मधल्या काळात उमेळ्याच्या रस्त्यानं जायची वेळ आली की मी रिक्षा लांबून वळवायला सांगायची. तिथल्या वाड्या एकेक करून बिल्डिंगांखाली गेल्या, ते सुद्धा मी लांबूनच पाहिलं.

गेल्या वर्षी नायगावला स्टेशनच्या बाजूला नव्या टॉवरखाली झेरॉक्सचं दुकान निघालं. मी रेशनकार्डाची कॉपी काढायला गेले. मशीनवर एक बाई उभी होती. कागद घेता घेता तिनं वर पाहिलं.

"तुम्ही त्या काम्प्युटरवाल्या ताई ना?"

मी ओळखलं. केस पातळ झालेले, चष्मा लागलेला. डोळे तेच.

"बसा की," तिनं स्टूल ओढलं. "हे माझ्या मिस्टरांचं दुकान. मी हल्लीच बसायला लागले. लॅबचं काम नंतर कुठे मिळालंच नाय. जिथे जाईन तिथे आधीच कळलेलं असायचं. गावात पन लोक म्हनायचे, हिनं म्हाताऱ्याला मारलाच होता." ती हसली. "जाऊ द्या. तेव्हा तुमच्यावर माझा लई राग होता. घरी येऊन सांगायचे, त्या बाईला माहीत होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. नंतर नंतर वाटायला लागलं, तसं काय नसनार. पन्नास कागद बरोबर आले माझ्यासमोर. माझंच चुकलं असनार. रांग होती, घाई होती, टाकलं असेल मी भलतं नाव. आता तर मला आठवतं पन तसं टाकलेलं."

तिला आठवत होतं. जे तिनं केलंच नव्हतं ते तिला आठवत होतं.

मी म्हटलं, "कुंदा, तू चुकली नव्हतीस." आणि मग, जसं जमेल तसं, तुटक तुटक, सगळं सांगितलं. रांगेची घाई, खुंटी, दोन रेघा, मांडीवरची पिशवी. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांचे कागद काढताना तिचे हात जराही थांबले नाहीत.

मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मला बरं वाटावं म्हनून बोलता."

"नाही गं."

"मग एवढी वर्षं?"

मी रेशनकार्ड उचललं. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून वही काढली. पान पिवळं पडलेलं, शाई तशीच. पान जपून फाडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि घेऊन गेले. कुंदानं ते काउंटरवर पसरलं. चष्मा वर करून वाचलं. वर प्रोग्राम द्यायच्या दिवसाची तारीख माझ्या अक्षरात होती, त्याखाली दोन नावं, त्यापुढे "एकाच नावाचे दोन कागद, आधीच्याचा नाही" आणि दोन रेघा. तारखेवर तिचं बोट थांबलं. तिच्या गोंधळाच्या तीन महिने आधीची तारीख.

"झेरॉक्स काढून घेते, हे तुम्हाला परत," ती म्हणाली.

"नको. हे तुलाच."

तिनं कानामागचं पेन काढलं. आमचा तीन रेघांचा नियम मी तिला आदल्या दिवशीच सांगितला होता. त्या दोन रेघांना लागून तिनं तिसरी ओढली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. माझ्या दोन्ही रेघांपेक्षा ती जास्त सरळ आली.

"ही माझी," ती म्हणाली.

कागदाची घडी करून तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे एक माणूस पासबुक घेऊन कधीचा उभा होता. त्याच्याकडे हात पुढे करत ती म्हणाली, "बोला काका, किती कॉप्या?"

मी बाजूला झाले.